पिंजऱ्यांतील राघूचें खेळणें



गेल्या वर्षीं दिवाळीच्या आधीं मुंबईहून माझ्या नातीचें पत्र आलें. हल्लींचीं मुलें पत्रें लिहीत नाहींत, म्हणून तें मीं दोनदां वाचलें. तिच्या घरीं एक कॉकाटील पाळला आहे. हा ऑस्ट्रेलियांतील लहानसा पोपट. अंग राखाडी, डोक्यावर पिवळट तुरा आणि गालावर नारिंगी टिकली. नातीनें लिहिलें होतें, "आजोबा, आमचा मोत्या स्वतःचीं पिसें उपटतो. डॉक्टर म्हणाले, त्याला कंटाळा आला आहे, त्याला खेळणीं द्या. तुम्ही सावंतवाडीला गेलांत तर तिकडचीं लांकडी खेळणीं त्याच्यासाठीं पाठवाल का?"

मराठी शाळेंत सारा जन्म गेला. इतिहास हा माझा आवडता विषय. परंतु पोपटाच्या खेळण्याचा विचार मीं कधीं केला नव्हता. तरी नातीची आज्ञा मोडवेना. सावंतवाडीला गेलों आणि मोती तलावाच्या काठानें चितार आळींत शिरलों. तेथील लांकडी फळें महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांनीं पाहिलीं असतील. आंबा, सीताफळ, मिरची, वांगें. दुरून पाहणाऱ्यानें हात पुढें करावा इतकीं हुबेहूब. पूर्वीं हीं खेळणीं हलक्या पांगाऱ्याच्या लांकडाचीं होत; पुढें आंब्याचें लांकूडहि वापरांत आलें. कांतून केलेल्या वस्तूंवर लाखेचा रंग चढवीत. फिरत्या लांकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली, कीं घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळते व लांकडास चिकटते. गंजिफांची व लाखकामाची ही कला मागें पडूं लागली असतां शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं १९७० नंतरच्या दशकांत राजवाड्यांतच कारागिरांना बसवून तिला पुन्हां आधार दिला, ही हकीकत आमच्या जिल्ह्यांत सर्वश्रुत आहे.

एका दुकानांत हिरवा लांकडी राघू मांडलेला होता. चोंच लाल, गळ्यांत काळा कंठ. मीं दुकानदाराला म्हटलें, "हा राघू नातीला होईल, पण खऱ्या पोपटाला खेळावयास कांहीं आहे का?" तो हंसला आणि आमच्या मालवणींत म्हणाला, "मास्तर, पोपटाक खेळणां कित्याक? पोपटच खेळणां न्हय?"

हें वाक्य मीं घरीं घेऊन आलों. विचार करूं लागलों तसें ध्यानांत आलें, कीं या माणसानें सहज बोलतां बोलतां दोन हजार वर्षांचा इतिहास सांगून टाकला आहे.

मथुरेजवळ भूतेश्वर येथें सांपडलेल्या दुसऱ्या शतकांतील यक्षींच्या मूर्ति कलकत्त्याच्या संग्रहालयांत आहेत. त्यांतील एकीच्या हातांत पिंजरा आहे आणि पोपट तिच्या खांद्यावर बसला आहे. शिल्पकारानें पाखरूं पिंजऱ्याबाहेर दाखविलें, याचें मला नेहमीं कौतुक वाटतें. पण पिंजरा आहेच. त्यानंतरच्या कामसूत्रांत चौसष्ट कलांची जी यादी आहे, तींत शुकसारिकांना बोलावयास शिकविणें ही एक स्वतंत्र कला मानलेली आहे. नगरांतील रसिक गृहस्थाचें घर कसें असावें हें सांगतांना वात्स्यायन वीणा, चित्रफलक, पुस्तक यांच्याबरोबर खोलीबाहेर टांगलेले क्रीडापक्ष्यांचे पिंजरेहि सांगतो. 'क्रीडापक्षी' हा शब्द पाहा. क्रीडा कोणाची? धन्याची. पक्षी हें क्रीडेचें साधन. चितार आळींतला दुकानदार वेगळें काय म्हणाला?

सातव्या शतकांत बाणभट्टानें कादंबरीची कथाच एका पोपटाच्या मुखीं घातली. शूद्रक राजाच्या सभेंत चांडालकन्येनें आणलेला तो वैशंपायन नांवाचा शुक मोठा विद्वान् आहे. राजा त्याच्या भोजनाची आस्थेनें चौकशी करतो आणि शुक आपण कोणतीं फळें खाल्लीं तें अदबीनें सांगतो. मंडनमिश्राच्या घराची कथा तर आपणां सर्वांना ठाऊक आहे. शंकराचार्यांना त्या घराची खूण सांगण्यांत आली ती ही, कीं ज्या दारांत टांगलेल्या पोपटांच्या माद्या वेदप्रामाण्याचा वाद घालीत असतील तेंच मंडनमिश्राचें घर. तेथें पोपटाला 'कीर' म्हटलें आहे आणि गोव्याकडील कोंकणींत पोपटाला आजहि कीरच म्हणतात. राजानें जेवणाची विचारपूस केली, पंडितानें शास्त्र शिकविलें. पण सबंध दिवस पिंजऱ्यांत हा प्राणी करतो काय, हा प्रश्न मात्र मला कोणाच्याहि तोंडीं आढळला नाहीं.

गोव्यांत पोर्तुगीज आल्यावर समुद्रमार्गें दूरचीं पाखरें येऊं लागलीं. यान हुयगेन फान लिन्स्कोटन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळांत गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरीं होता. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ सालीं छापला गेला. मोलुक्का बेटांतून तांबड्या पिसांचे पोपट येत असल्याचें त्यानें लिहून ठेविलें आहे. म्हणजे आमच्या मालवण किनाऱ्यापासून जवळच, परदेशी पोपट पाळण्याची हौस चारशें वर्षांपूर्वींच उतरली होती. मुंबईच्या माझ्या नातीचा मोत्या हा त्याच वाटेनें आलेला शेवटचा पाहुणा म्हणावयाचा.

आतां दोन अपवाद सांगतों, कारण त्यांच्याशिवाय ही हकीकत एकांगी होईल. पहिला अपवाद सम्राट् अशोकाचा. अभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षीं, म्हणजे ख्रिस्तपूर्व २४३ च्या सुमारास, त्यानें जो पांचवा स्तंभलेख कोरविला, त्यांत कोणते प्राणी मारूं नयेत याची यादी आहे. त्या यादींत पहिलें नांव शुकाचें आणि दुसरें सारिकेचें आहे. अर्थात् हें अभय जिवाला आहे. पिंजऱ्याविषयीं त्या ओळींत कांहीं नाहीं.

दुसरा अपवाद बाबराचा. १५२६ सालीं पानिपत जिंकल्यावर त्यानें हिंदुस्थानांतील पशुपक्ष्यांचें जें वर्णन लिहिलें, तें लक्षपूर्वक वाचण्यासारखें आहे. तो म्हणतो, माझी समजूत अशी होती, कीं पोपट शिकविलेलेंच बोलतो, मनांतलें बोलूं शकत नाहीं. परंतु त्याच्या अबुल कासीम जलाइर नांवाच्या एका विश्वासू सेवकानें त्याला सांगितलें, कीं एका पोपटाचा पिंजरा झांकलेला होता, तेव्हां पोपट म्हणाला, माझें तोंड उघडा, जीव गुदमरतो आहे. आणखी एकदां पालखीचे भोई दम घेण्यास टेकले असतां, वाटसरू चालल्याची चाहूल लागून तो म्हणाला, लोक पुढें गेले, तुम्ही निघत नाहीं का? बाबर चतुर होता. खरें खोटें सांगणाराच जाणे, असें म्हणून तो मोकळा झाला. मला मात्र ही गोष्ट वाचतांना एवढेंच वाटलें, कीं पोपटाच्या कंटाळ्याची व गुदमरण्याची दखल लेखणीनें एकदां तरी घेतली.

आमच्या मराठींत मात्र पोपट आला तो दुसऱ्याच रूपानें. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांत शुकनलिकेचा दृष्टांत आहे. पारधी दोरीवर एक पोकळ नळी ओंवून ठेवतो. पोपट नळीवर बसला, कीं त्याच्या भारानें ती गरकन् फिरते आणि पाखरूं खालीं लोंबूं लागतें. आपण बांधले गेलों असें समजून तें नळी अधिकच घट्ट धरतें. पंख मोकळे, पाय मोकळे; पण तें उडत नाहीं. अध्यात्माचा भाग विद्वानांनीं सांगावा. मी यंत्राकडे पाहतों. पोपटासाठीं माणसानें मुद्दाम बनविलेली पहिली फिरती वस्तु मला आपल्या वाङ्मयांत आढळते ती ही, आणि ती त्याला धरण्यासाठीं आहे! आजच्या दुकानांत पिंजऱ्यांत लावण्याची फिरती दांडी विकावयास असते. ती पाहिली, कीं मला ज्ञानदेवांची नळी आठवते.

आणि दुसरा शब्द 'पोपटपंची'. यासंबंधीं शाळामास्तरानें थोडी लाज बाळगून बोलावें. आम्हीं पोपटाला विठू विठू म्हणावयास शिकविलें आणि पोरांना पाढे व सनावळी, दोन्ही एकाच रीतीनें. पाखराला खिडकीबाहेर पाहूं द्यावें, पोराच्या हातांत कांहीं मोडावयास, जोडावयास द्यावें, हें मला नोकरीच्या अर्ध्या वाटेवर सुचलें. असो. विषय पोपटाचा आहे.

पोपटाचा विषय निघाला म्हणजे आमच्या घरच्या विठूची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. १९६८-६९ चा सुमार असेल. मी नऊ-दहा वर्षांचा होतों. भाताच्या कापणीच्या दिवसांत काकांनीं एक राघूचें पिल्लूं आणलें. त्या काळीं ज्याच्या पडवींत पिंजरा नाहीं असें घर आमच्या वाडींत शोधावें लागे. तारेचा गोल पिंजरा होता. आंत एक दांडी, एक पाण्याची वाटी, बस्स. विठू सबंध दिवस त्या दांडीवर या टोंकाकडून त्या टोंकाकडे चाले. तो आनंदानें नाचतो असें आम्ही म्हणत असूं. दांडी कुरतडून त्यानें निम्मी केली, तेव्हां आजीनें त्याच्या जागीं लोखंडी सळई घातली. पाखरूं नासधूस करतें, म्हणून. त्यानंतर तो तारा चावूं लागला.

मला त्याची दया आली आणि मीं त्याला खेळणें केलें. भजनी मंडळींच्या चाळांतलें एक तुटकें घुंगरूं घेतलें, सुती दोऱ्याचे चार पदर केले आणि तें पिंजऱ्याच्या माथ्यावरून टांगलें. विठूला तें फार आवडलें. दोन दिवस घुंगराचा नाद थांबला नाहीं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों तो एका पायावर लोंबत होता. दोऱ्याचा पदर सुटून बोटाला फांस बसला होता. रात्रभर त्यानें ओढ घेतली असावी. आजीनें कात्रीनें दोरा कापला, हळद लावली. बोट काळें पडलें होतें. पांचव्या दिवशीं तो गेला. घरांत म्हणाले, दृष्ट लागली. घुंगरूं कोणी टांगलें हें सर्वांना ठाऊक होतें. मला कोणी एक शब्द बोललें नाहीं. तें घुंगरूं पुढें कोठें गेलें कोणास ठाऊक.

त्या पोराच्या हातून काय चुकलें, हें मला आतां, नातीच्या पत्रानिमित्त वाचन केल्यावर, नीट समजलें. खेळणें द्यावें ही त्याची बुद्धि बरोबर होती. चूक वस्तूंत होती.

पोपटाची चोंच आयुष्यभर वाढत असते. झाडाच्या ढोलींत घरटें करणारा हा पक्षी. ढोली कुरतडून मोठी करणें, फळाचें साल काढणें, बी फोडणें, फांदीवर चढतांना तिसऱ्या पायासारखा आधार घेणें, हीं सारीं कामें चोंचीचीं. पायाचीं दोन बोटें पुढें, दोन मागें. त्यामुळें पुष्कळ जातींचे पोपट वस्तु मुठींत धरून तोंडाशीं नेतात. रानांत त्याच्या दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यांत व तें सोलण्यांत जातो. पिंजऱ्यांत आपण वाटी भरून ठेवतों. दहा मिनिटांत जेवण संपतें आणि उरलेल्या दिवसाचें काय करावें हें त्याला कळत नाहीं. मग तो दांडीवर येरझारा घालतो, ओरडतो, आणि करण्यासारखें दुसरें कांहींच नसलें म्हणजे स्वतःचीं पिसें उपटतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनीं ॲमेझॉन जातीच्या तरुण पोपटांवर प्रयोग करून २००३ सालीं प्रसिद्ध केलें, कीं ज्या पिंजऱ्यांत अन्न शोधून काढण्याचीं साधनें व चढण्याउतरण्याच्या निरनिराळ्या वस्तु ठेविल्या, तेथें पिसें उपटण्याची खोड लागण्यास अटकाव झाला आणि लागलेली खोडहि कमी झाली. म्हणजे नातीच्या डॉक्टरांचें म्हणणें शास्त्राला धरून होतें. मात्र पिसें उपटण्याचें कारण कधीं त्वचेचा वा पोटाचा रोगहि असतो, म्हणून आधीं पक्ष्यांचा डॉक्टर व मग खेळणें, हा क्रम तिच्या घरानें पाळला हें चांगलें केलें.

आयरीन पेपरबर्ग या विदुषींनीं १९७७ सालीं ॲलेक्स नांवाचा आफ्रिकेंतील राखी पोपट विकत घेतला आणि २००७ सालीं तो मरेपर्यंत तीस वर्षें त्याला शिकविलें. पन्नासांहून जास्त वस्तूंचीं नांवें, रंग, आकार व सहापर्यंत संख्या तो सांगूं लागला. मला त्यांतील जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटली ती अशी : उत्तर बरोबर आलें म्हणजे त्याला दरवेळीं खाऊ देत नसत, ज्या वस्तूचें नांव त्यानें घेतलें ती वस्तुच हातीं देत. बुचाचें नांव घेतलें तर बूच मिळे, लांकडाचें घेतलें तर लांकूड. तें तो यथेच्छ कुरतडी. शब्दाच्या बदल्यांत खेळणें, हा सौदा त्याला पटला. आमच्या विठूला 'विठू' म्हणून काय मिळालें? पुन्हां 'विठू' म्हणण्याची आज्ञा.

आतां वस्तूंकडे वळतों. पोपटाच्या खेळण्याविषयीं एक गोष्ट मनाशीं पक्की धरली, कीं बाकीचें आपोआप सुचतें : तें मोडण्यासाठींच असतें. मुलाचें खेळणें टिकलें तर आपण कारागिराची वाहवा करतों. पोपटाचें खेळणें महिनाभर जसेंच्या तसें राहिलें, तर तें त्यानें नाकारलें असें समजावें. आणि जें तो मोडणार, त्याचा कण कण त्याच्या तोंडांत जाणार. म्हणून सावंतवाडीचीं तीं सुंदर फळें मीं मोत्यासाठीं घेतलीं नाहींत. रंगांत शिसें असलें तर तें पाखराच्या पोटांत जातें, आणि शिसें पक्ष्यांना फार लवकर मारतें. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांहून अधिक नसावें असा नियम आपल्या देशांत २०१६ सालीं झाला व पुढील वर्षीं अंमलांत आला. पण त्यापूर्वींच्या रंगविलेल्या वस्तु घरोघर आहेत, आणि हा हिशेब भिंतीला रंग देणाऱ्या माणसाचा आहे, भिंत खाणाऱ्या पाखराचा नव्हे. मुलांच्या खेळण्यांसाठीं १ जानेवारी २०२१ पासून सरकारी मानक सक्तीचें झालें आहे. पाखराच्या खेळण्यावर तसा शिक्का शोधूं गेल्यास निराश व्हावें लागेल. तेथें मालकाचे डोळे हेंच मानक. साधें, रंग न दिलेलें पांगाऱ्याचें लांकूडहि मीं टाळलें. त्याच्या फुलांवर रानपोपट येतात हें खरें. परंतु त्या झाडाच्या बियांत व सालींत विषारी द्रव्यें असतात, आणि जेथें शंका आहे तेथें प्रयोग दुसऱ्याच्या पाखरावर करूं नये.

जस्ताचा मुलामा दिलेली तार ही दुसरी वैरीण. नवा चकचकीत पिंजरा चावून चावून पोपट जस्ताच्या विषबाधेनें आजारी पडतात. आमच्या विठूच्या पिंजऱ्याची तार कसली होती, हें आतां कळावयास मार्ग नाहीं. सांखळी, कडी, हूक जें कांहीं लावावयाचें तें स्टेनलेस स्टीलचें असावें. दोरा, लोकर, कपड्याची सुटी किनार यांविषयीं मीं सांगावयास नकोच. घुंगराच्या फटींत नखें व चोंच अडकते, आणि आंतला खडा बाहेर निघाला तर तो गिळला जातो. नाद हवाच असेल तर जाड धातूची, लोळी उपसतां न येणारी घंटा घ्यावी. कडें द्यावयाचें तर तें इतकें मोठें असावें कीं पाखरूं त्यांतून सहज पार होईल, किंवा इतकें लहान कीं डोकें शिरणारच नाहीं. मधल्या मापाचें कडें म्हणजे फांस. आरसा पुष्कळजण लावतात. एकट्या पाखराला आपलेंच प्रतिबिंब जोडीदार वाटून तें त्याच्याशींच गुंतून पडतें व माणसांना दुरावतें, म्हणून मला तो पसंत नाहीं. बसण्याच्या दांडीसाठीं अंगणांतील कण्हेरीची सरळसोट फांदी फार सोयीची दिसते. ती कधींहि वापरूं नये, कण्हेर अंगोपांग विषारी आहे. पेरूची साल न काढलेली, वांकडीतिकडी फांदी सर्वांत उत्तम. जाडी सारखी नसल्यामुळें पायाच्या तळव्यांना व्यायाम होतो, आणि साल सोलण्यांत पाखराचे दोन दिवस सुखाचे जातात.

माझ्या ध्यानांत आलें, कीं ज्या वस्तु मुंबईच्या दुकानांत वेष्टणांत घालून विकतात, त्या आमच्या कोंकणांत परसांत पडलेल्या असतात आणि आम्ही त्या पाणी तापवावयास चुलींत घालतों. नारळाचें वाळलेलें सोडण, करवंटी, झांवळीचे हीर, बांबूचें पेर, केळीचें सुकलेलें सोप. करवंटीला मोठें भोंक पाडून तींत दाणे व वर सुक्या पानांचा बोळा कोंबला, कीं पाखराला रानांतल्यासारखें जेवण शोधून काढावें लागतें. सोडणाचे तंतु लांब ठेवूं नयेत. बोटाच्या पेराएवढे तुकडे करावे, नाहीं तर तेथेंहि दोऱ्याचीच गत. जें देणार त्यावर फवारणीचें औषध वा बुरशी नाहीं हें पाहावें, धुवावें, कडक उन्हांत वाळवावें. करवंटी आपल्या राघूसारख्या दणकट चोंचीच्या पोपटाला शोभते. कॉकाटीलची चोंच नाजूक, त्याला कागद, हीर, मक्याच्या कणसाचीं सालें असें फाटणारें आवडतें. सारीं खेळणीं एकदम टांगून पिंजऱ्याचा बाजार करूं नये. दोनतीन ठेवावीं व आठवड्यानें बदलावीं. नवी वस्तु आधीं पिंजऱ्याबाहेर दोन दिवस दिसूं द्यावी, कारण पोपट जितका जिज्ञासु तितकाच भित्रा.

हें सारें ऐकून कोणी श्रोता उद्यां बाजारांत राघूचें पिल्लूं शोधावयास निघाला, तर माझें बोलणें फुकट गेलें. गळ्यांत कंठ असलेला राघू, खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा पोपट, जांभळट डोक्याचा लहान पोपट, आणि आमच्या सह्याद्रीच्या उतारावर उलटें लोंबत झोंपणारा चिमणीएवढा पोपट, हे सारे आपल्या देशाचे रानपक्षी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व १९९०-९१ च्या सुमारास झालेल्या बंदीनें त्यांना पकडणें, विकणें व पाळणें गुन्हा ठरलें आहे. पडवीपडवींतला तो पिंजरा माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत बेकायदा झाला, आणि योग्य तेंच झालें. पिल्लें ढोलींतून काढून आणतांना वाटेंत किती मरत, हें आम्हीं कधीं मोजलें नव्हतें. जखमी राघू सांपडला तर तो वनखात्याच्या हवालीं करावा. परदेशी पोपटांपैकीं आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींत असलेल्या जाती पाळणाऱ्यास २०२४ च्या नियमांप्रमाणें सरकारदरबारीं नोंद करावी लागते. कॉकाटील त्या यादींत नाहीं, तेव्हां मोत्याचे कागदपत्र नातीला करावे लागले नाहींत.

तिला मीं पार्सल पाठविलें. त्यांत पेरूच्या दोन फांद्या, धुतलेलीं बांबूचीं पेरें, हिरांची एक जुडी, सोडणाचे तुकडे आणि कणसाचीं सुकीं सालें होतीं. कशावर काय व कां, हें चार ओळींत लिहिलें. तळाशीं चितार आळींतला तो हिरवा लांकडी राघू ठेवला व त्यावर चिठ्ठी लावली, "हा तुझा, मोत्याच्या चोंचीपासून दूर ठेव." घुंगराची गोष्टहि लिहिली. ती आजवर मीं तिच्या आईलाहि सांगितली नव्हती.

पंधरा दिवसांनीं उत्तर आलें. हिरांची जुडी त्यानें दोन दिवसांत संपविली, पेरूच्या फांदीची साल अर्धी काढली, बांबूकडे अद्याप पाहत नाहीं. छातीवर कोंवळीं पिसें दिसूं लागलीं आहेत, पण डॉक्टर म्हणतात अजून दोन महिने थांबा. सर्वांत जास्त त्याला आवडलें तें पार्सलाचें पुठ्ठ्याचें खोकें. त्याला चार भोंकें पाडून त्यानें आंत बाहेर जाण्याची वाट केली आहे आणि दुपारभर तेथेंच असतो. नातीनें खालीं लिहिलें आहे, "आजोबा, पुढच्या वेळीं रिकामें खोकें पाठवलेंत तरी चालेल. चिकटपट्टी मात्र लावूं नका."